डावीकडचा चढा सूर

"तुझं बूड काही एका जागी टेकत न्हाई," असं आई मला म्हणायची. खरंच आहे ते. मी शाळेत खुर्चीवर बसून शिकवत नाही, लग्नाच्या पंगतीत शेवटपर्यंत बसत नाही, आणि दवाखान्यात नंबर लागेपर्यंत तर दारातल्या सगळ्यांच्या चपला सरळ लावून ठेवते. नवरा म्हणतो, हिला एकदा खुर्चीला बांधून बघितलं पाहिजे. पण आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी चार बायांसारखी मांडी घालून बसले असते, तर मला काहीच दिसलं नसतं. हे मी त्याला दर वेळी ऐकवते.

आईला जाऊन वर्ष झालं होतं, त्याचाच तो कार्यक्रम. मी जालन्यात मस्तगडला राहते, पण आमचं गाव भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई. तिथं माझा थोरला भाऊ, दादा, शेती करतो आणि गायन पार्टी चालवतो. आमच्या बौद्धवाड्यात जयंती असो, नामकरण असो की कुणाचं पुण्यानुमोदन असो, दादाच्या पार्टीशिवाय माइक सुरू होत नाही. गाणी त्याचीच, चालीही त्याच्याच. ढोलकी वाजवायला दुसरा असतो, पण ती सुरात लावून दादाच देतो, कारण दुसऱ्यानं लावलेली त्याला पटत नाही. त्यावरून ढोलकीवाला आणि तो गेली कित्येक वर्षं भांडत आले आहेत.

त्या दिवशी मंडपात पांढऱ्या कपड्यांची दाटी होती. त्रिशरण-पंचशील झालं, दोघं-तिघं आईबद्दल बोलले, आणि दादा उठला. पेटी त्यानं पार्टीतल्या दुसऱ्या माणसाकडे दिली आणि माइक हातात घेऊन उभ्यानं गाऊ लागला. आईवर त्यानं नवं गाणं रचलं होतं. ते त्यानं घरात कुणालाच ऐकवलं नव्हतं, वहिनीलासुद्धा नाही.

माय गेली उन्हात, घर सावलीत ठेवून,
माय निजली एकदाची, आम्हा जागं करून.

ही दुसरी ओळ मला आज पाठ आहे. त्या दिवशी ती कुणालाच पूर्ण ऐकू आली नाही. पहिली ओळ त्यानं दोनदा घोळवली, "माय निजली" म्हणाला, आणि थांबला.

ढोलकी थांबली. पेटीवाल्यानं एक सूर नुसता धरून ठेवला. बाया पदर डोळ्यांना लावू लागल्या. माझ्या शेजारची म्हातारी तर हुंदके देऊन रडू लागली. मी मंडपाच्या कडेला खांबाला धरून उभी होते, दादाच्या उजव्या अंगाला. त्याच्या उजव्या हातातला माइक हळूहळू खाली निघाला होता. छातीवरून पोटावर, पोटावरून मांडीवर. ओठाची उजवी कड खाली ओघळली होती. डोळे मात्र कोरडे ठणठणीत होते, आणि ते इकडेतिकडे फिरत होते, घरात ठेवलेली वस्तू जागेवर सापडत नाही तेव्हा फिरतात तसे.

मग तो सावरला. माइक डाव्या हातात घेतला, जड जिभेनं "माफ करा" म्हणाला आणि सतरंजीवर बसला. थोड्या वेळानं तो सगळ्यांशी नीट बोलत होता, पाहुण्यांना आग्रह करून वाढत होता. लोक जेवता जेवता म्हणत होते, "माय असावी तर अशी, अन् लेक असावा तर असा." माझ्या मात्र हातातल्या ताटातली भाजी गार होऊन गेली. मी ते ताट घेऊन मंडपात नुसतीच हिंडत होते.

मी का हिंडत होते ते सांगते. आमच्या बापाचं वारं गेलं होतं. आमच्याकडे लकव्याला असंच म्हणतात, वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि सगळी वाचा एका सकाळी गेली. त्यानंतर तो कित्येक वर्षं खाटेवर होता आणि त्याच्यापाशी एकच शब्द उरला होता, "हे". पाणी पाहिजे, "हे". रेडिओ लाव, "हे". मी नोकरीला लागल्याचं सांगितलं तेव्हाही माझ्या डोक्यावर डावा हात ठेवून तो "हे, हे" म्हणाला. आईला त्यातला प्रत्येक "हे" वेगळा कळायचा, मला एकही कळायचा नाही, आणि मला त्याचा फार राग यायचा. बापाचा नव्हे. कुणाचा ते मला अजून सांगता येत नाही. आणि वारं जायच्या आधी महिनाभर बापाच्या हातातून एकदा भाकरीचा तुकडा गळून पडला होता. तोंडातला शब्द तोंडातच राहिला होता. थोड्या वेळात सगळं ठीक झालं, आणि आई म्हणाली, उपाशीपोटी रानात गेल्यामुळं झालं असेल. आम्ही सगळे तेच म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी मी जालन्यातल्या आमच्या डॉक्टरांकडे जाऊन, उभ्याउभ्याच, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मोठ्या झटक्याआधी शरीर कधी कधी असा इशारा देतं. डोक्याला रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या नसा मानेतून वर जातात. त्यांची सोनोग्राफी करून घेऊ. डॉप्लर म्हणतात त्याला. दुखत नाही, टोचत नाही. पण आजच आणा त्यांना."

आज? दादाला? मी फोन लावला.

"मला काई झालेलं न्हाई बाई," दादा म्हणाला. "मायच्या आठवणीनं गळा भरून आल्ता. बस्स."

"आणि हात? तोही भरून आल्ता का?"

"तू मास्तरीन हायेस, डाक्टर न्हाईस. कापूस वेचायचा पडून राह्यला. झाला की येतो."

कापूस झाला. मग गहू पेरायचा होता. मग कुठल्या तरी गावाला पार्टीची सुपारी होती. मी सकाळी शाळेत जाण्याआधी फोन करायचे, मधल्या सुट्टीत करायचे, संध्याकाळी करायचे. त्यानं उचलला की आधी त्याचा आवाज ऐकायचा, प्रत्येक अक्षर नीट येतंय का ते बघायचं, आणि मग भांडायचं, असा माझा क्रम झाला होता. उचलला नाही तर मी वहिनीला लावायचे. वहिनी बिचारी रानातून पळत घरी जायची, दादाला बघायची आणि मला सांगायची, "ताई, ते चहा पिऊन राह्यले." पोरांच्या वह्या तपासताना मी एकाच पोराची वही दोनदा तपासून ठेवायचे. शेवटी शाळेत रजा टाकली आणि गावाला गेले.

दादा ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. त्याच्या चंचीत तंबाखू असते, चुन्याची डबी असते, आणि त्याचं म्हणणं असं की तंबाखूनं गळा मोकळा होतो. हे म्हणणं त्यानं आख्ख्या पार्टीला पटवलं आहे. मी चप्पल न काढताच बोलायला सुरुवात केली. तो मला बोलू देत होता. वहिनी चहा करायला आत गेली तशी त्यानं तळहातावरचा चुरा फुंकला आणि खाली बघत म्हणाला, "माय गेली तवा मी रडलो न्हवतो. तुला म्हाईत हाय का?"

मला माहीत नव्हतं. मी स्वतः इतकी रडत होते की दुसऱ्याकडे बघायचं भान मला नव्हतं.

"मंडप, माणसं, सामान, सगळं करून राह्यलो होतो. मनलं, समदे गेले की रडू. समदे गेले, तरी आलं न्हाई. दुसऱ्याच्या मायला गातो, लोकायला रडवतो, अन् आपल्या मायला डोळ्यात टिपूस न्हाई. वरीसभर हे घेऊन फिरलो मी. अन् त्या दिशी गाताना गळा बंद झाला. एक वरीस लागलं बाई, पण आलं." आता त्यानं माझ्याकडे बघितलं. "अन् तू म्हनतीस ते रडू न्हवतं, बिमारी व्हती. कशाला तपासायचं ते?"

मी चरकले. एवढे दिवस मला वाटत होतं की हा हट्टी आहे, कंजूष आहे, खर्चाला भितो आहे. आणि त्याला भीती होती ती वेगळीच. मला त्याची दया आली आणि तितकाच संतापही आला, कारण वारं काही रडण्याबिडण्याचा मान ठेवत नाही. मी म्हणाले, "वारं गेल्यावर बाप कोणतं गाणं म्हणायचा, सांग बरं."

बाप गायचा. दादाचा गळा बापाचाच आहे. दादानं चंची गुंडाळली आणि बराच वेळ तिला दोरी बांधत बसला.

"हे," तो म्हणाला.

मग म्हणाला, "येतो. पण तू बी करून घे. बाप काय माझ्या एकट्याचाच व्हता?"

ठरलं. दोन दिवसांनी तो सकाळच्या गाडीनं भोकरदनहून जालन्याला आला, वहिनीला घेऊन. मी स्टँडवर जाऊन उभी. गाडीतून उतरला तो पाय जुळवून, कंबरेत वाकून चालत होता. झालं, म्हटलं, वाटेतच गेलं वारं.

"काय झालं?"

"काई न्हाई. जल्दी चल."

रिक्षात तो एका कुल्ल्यावर बसला. तोंड घट्ट मिटलेलं. मी विचारते, हात उचल, तो उचलतो. हस म्हणते, तर कसनुसा हसतो. तपासणी केंद्रात पोचलो, नाव सांगितलं. समोर "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" अशी मोठी पाटी, बाकड्यावर सगळ्या पोटुशा बाया हातात पाण्याच्या बाटल्या धरून बसलेल्या, आणि त्यांच्यात पांढरा नेहरू शर्ट घातलेला माझा भाऊ मांड्या आवळून डुलतो आहे. शेवटी मी वहिनीला कोपऱ्यात घेतलं.

"ताई, सोनोग्राफी हाय ना," वहिनी म्हणाली. "दोन्ही सुनांच्या टायमाला मीच आल्ते. लघवी रोखून धरावी लागती. सकाळपासून मी त्यायला पाणी पाजून राह्यले. वाटंत गाडी थांबली तरी उतरू न्हाई देलं."

काउंटरवरच्या बाईंनी ते ऐकलं आणि तोंडावर हात धरला. "अहो, मानेच्या सोनोग्राफीला लघवी कशाला रोखायची? जाऊ द्या त्यांना आधी."

दादा जो उठला तो गेलाच. परत आला तेव्हा त्याचा चेहरा बुद्धासारखा शांत झाला होता. "मी मरायला भेत न्हवतो बाई," तो मला म्हणाला, "नेहरू शर्टाला भेत व्हतो." पोटुशा बायाही हसल्या. कित्येक दिवसांनी मी हसले, आणि हसताहसताच मला रडायला आलं, ते मी चपला सरळ करायला वाकून लपवलं.

आधी माझा नंबर आला. मी दादाला आत बसू द्यायची विनंती केली आणि डॉक्टरीणबाईंनी बसू दिलं. खोलीत अंधार, गार हवा. मानेखाली उशी सरकवली, मान एकीकडे वळवली आणि गळ्यावर थंडगार चिकट जेल लावलं. त्यावरून त्या एक बोटभर जाड यंत्र फिरवू लागल्या. मला पडद्यावर काळंपांढरं धुकं आणि त्यात लाल-निळी नागमोड दिसत होती. पडून राहणं मला किती जड जातं हे कुणाला सांगू? त्या दोनदा म्हणाल्या, "हलू नका, बोलू नका." मग त्यांनी आवाज सुरू केला आणि माझं रक्त खोलीत बोलू लागलं. हूप, हूप, हूप. उजवीकडे तसंच, डावीकडे तसंच, फक्त घाईघाईनं.

"ठेका बराबर हाय," अंधारातून दादा म्हणाला, "पण वरातीचा हाय. हिला निवांत काई येतच न्हाई."

माझ्या नसा साफ निघाल्या. मी जेल पुसत उठले आणि तो आडवा झाला.

उजव्या बाजूचा आवाज माझ्यासारखाच होता, जरा जास्त खर्जातला. मग बाईंनी यंत्र डावीकडे आणलं. तिथं थोडं वर सरकवलं आणि आवाज एकदम चढला. बारीक, धारदार, जोरकस. सुईई, सुईई. आधीचा आवाज त्याच्यापुढे म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा वाटला. दादाचा चेहरा मला पडद्याच्या उजेडात दिसत होता. त्याच्या भुवया वर गेल्या. बाई बटणं दाबत होत्या, रेघा मोजत होत्या, पुन्हा तिथंच यंत्र टेकवत होत्या.

यंत्र उचललं तसं दादा म्हणाला, "म्याडम, तुमची ढोलकी उलटी लावली काय? आमच्याकडं उजवी चढी असती, डावी खाली. पण डावी काय तेज हाय!" आणि माझ्याकडे मान वळवून, खुशीत, "तुझ्यापेक्षा बी तेज."

मलाही तेच वाटलं. खरंच सांगते, मी सुटकेचा निःश्वास सोडला. डॉक्टरांनी मला सांगितलेलं होतं की बोलण्याची आणि उजव्या हाताची सत्ता मेंदूच्या डाव्या बाजूकडे असते, म्हणून डावी नस महत्त्वाची. आणि डावी तर खणखणीत वाजत होती! आमच्या घरात चढा, स्वच्छ आवाज म्हणजे तब्येत चांगली, हे जन्मापासून ठरलेलं. सर्दी झाली की बाप म्हणायचा, सूर उतरला. मी बाईंना म्हणालेसुद्धा, "डावी चांगली आहे ना?"

बाईंनी दादाला कागद दिला, मान पुसू दिली, उठून बसू दिलं.

"काका, शेती करता ना? पाइपानं पाणी देता का कधी?"

"देतो की. कोथिंबीर-मेथीचे वाफे हायेत."

"पाइपाच्या तोंडाला अंगठा लावला तर काय होतं?"

"धार लांब जाती. जोरात..." दादा म्हणाला, आणि थांबला.

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं, हाताकडे बघितलं. सगळं सरळ होतं. तो थांबला होता कारण त्याला कळलं होतं. मला कळायला क्षणभर उशीर झाला. तो मानेच्या डाव्या अंगाला बोटं लावून म्हणाला, "मंग इथं कुणी अंगठा लावलाय?"

"आतून थर साचलाय," बाई म्हणाल्या. "वाट अरुंद झाली की रक्त तिथून जोरात पळतं, म्हणून आवाज चढतो. निम्म्याच्या आसपास वाट अजून मोकळी आहे. वेळेवर आलात. तंबाखू खाता?"

दादाच्या नेहरू शर्टाच्या खिशातून चंचीची दोरी लोंबत होती.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला. मोठ्या डॉक्टरांचं मतही फोनवर घेतलं. ऑपरेशनची वेळ आत्ता नाही, पण रक्त पातळ ठेवायची गोळी, चरबीची गोळी आणि प्रेशरची गोळी कायम, तंबाखू आजपासून बंद, आणि काही महिन्यांनी पुन्हा डॉप्लर. मला त्यांनी वेगळं समजावलं: तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, शब्द अडकला, तर घरी बसून वाट बघायची नाही, मालिश नाही, उतारा नाही, गाडीत घालायचं आणि यायचं. मी म्हणाले, माझ्यापेक्षा घाईचं माणूस तुम्हाला जिल्ह्यात मिळणार नाही. ते हसले. दादा हसला नाही.

घरी आल्यावर मी पटापट स्वयंपाकाला लागले. आनंद झाला होता मला, का नाही होणार? बापाच्या वेळी जी वेळ हातून गेली ती या वेळी हाताला लागली होती. मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. वहिनी गोळ्यांच्या पाकिटांवर सकाळ-संध्याकाळच्या खुणा करून घेत होती. दादा गॅलरीत उभा होता. चंची त्यानं काढून वहिनीला दिली होती आणि रिकाम्या तळहातावर अंगठा घासत राहिला होता. मी कणकेच्या हातांनी तिथं गेले.

"म्हंजे त्या दिशी ते रडू न्हवतं," तो म्हणाला.

"दादा..."

"ते पाइपाचंच व्हतं. मायला अजून रडायचंच राह्यलं मंग."

मी शिक्षक आहे, बोलण्याचाच पगार घेते. मी म्हणाले, "भाकरी गरम आहे, चल." तो आला, जेवला, आणि दुपारच्या गाडीनं दोघं परत गेले.

त्यानंतरच्या दिवसांत मी शहाणी झाले असं कुणी म्हणणार नाही. फोन चालूच होते. तंबाखू सोडल्यावर तो पंधरा-वीस दिवस सगळ्यांवर खेकसत होता, ढोलकीवाल्याशी तर बोलणंच बंद झालं होतं. मग हळूहळू सुटली. पार्टीतल्या दोघांनीही सोडली, "गळा मोकळा होतो" हे वाक्य आता कुणी काढत नाही. दुसऱ्या तपासणीत डावीचा आवाज होता तेवढाच होता, वाढला नव्हता. डॉक्टर म्हणाले, हेच पाहिजे होतं. पण मला चैन पडत नव्हतं. दादा बोलता बोलता आठवायला थांबला की मी मध्येच म्हणायचे, "हात दाब." कुठंही. किराणा दुकानात, लग्नात, रस्त्यात. तो माझा हात दाबायचा आणि वैतागून म्हणायचा, "दाबला. आता दुकानदाराचं नाव आठवू देतीस का?" भाचरांनी माझं नाव "हातदाब आत्या" ठेवलं.

आणि मग यंदा आईचं दुसरं वर्ष आलं. मोठा मंडप नव्हता, घरापुरताच कार्यक्रम होता, ओट्यावर आणि अंगणात. तेच लोक, तीच ढोलकी, तीच कुरबूर. मी या वेळी बसायचं ठरवलं होतं. वहिनीनं मला मुद्दाम बायांच्या मधोमध बसवलं होतं.

दादा उभा राहिला. वर्षभर त्यानं ते गाणं कुठंच म्हटलं नव्हतं. त्यानं पहिली ओळ घेतली, दोनदा घोळवली. दुसरी घेतली. "माय निजली" म्हणाला.

आणि थांबला.

मी उठले. कुणाच्या तरी मांडीवर पाय पडला, कुणाचा तरी पाण्याचा तांब्या सांडला, वहिनी "ताई, ताई" करत राहिली. बाया पदर डोळ्यांना लावत होत्या, आणि मी सगळ्या गावादेखत अंगण ओलांडून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. माइक धरलेला त्याचा उजवा हात मी दोन्ही हातांत पकडला.

"दाब."

त्यानं दाबला. असा दाबला की माझ्या बांगडीचं टोक मला रुतलं. मी वर बघितलं. तोंड सरळ होतं. दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, गालांवरून, मिशांतून, हनुवटीवरून नेहरू शर्टावर, थांबतच नव्हतं.

"रडू दे की बाई," तो म्हणाला. "आता तरी."

आमच्या हातात माइक होता, म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेलं. मी हात सोडला नाही. त्यानं रडून घेतलं, मग नाक शिंकरलं, आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून उचलून शेवटपर्यंत म्हटली.